फिल्टरचं टोपडं

"या गाडीच्या पोटात शिरायचं तर माणसाने उंदराच्या जन्माला यायला पाहिजे," गाडीखालून पुटपुटणं ऐकू आलं. "आणि ज्या गाढवाने हा बोल्ट एवढा आवळलाय ना, तो एकदा भेटू दे मला."

"तूच आवळलायस," ताई म्हणाली.

मग पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"तरीच सुटत नाहीये," गाडीखालचा म्हणाला.

त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि त्यातला एक बूट अंगठ्याशी फाटलेला. हा ताईचा धाकटा भाऊ, गॅरेजचा मिस्त्री. तिला ताई म्हणायला सुरुवात त्याने केली आणि पुढे ती पदवीच होऊन बसली. गिऱ्हाइकं ताई म्हणत, कापडवाला ताई म्हणे, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा ताईच म्हणत. एक नवराच काय तो "अगं"वर निभावून नेई.

भावाचं गॅरेज आणि ताईचं सीट कव्हरचं दुकान यांच्यात एकच भिंत होती आणि त्या भिंतीत एक बिनझडपांची खिडकी. तिकडून रेडिओ यायचा, इकडून शिलाई मशीनची खडखड जायची, आणि चहाचे कप दोन्हीकडून. वडिलांनी दोघांना जागा वाटून दिली तेव्हाच कामंही वाटून दिली होती. गाडीच्या आतलं सगळं मुलाचं, बसायचं तेवढं मुलीचं. ताई शिवण शिकायला कुठे गेली नव्हती. जुनी कव्हरं उसवून, तुकडे जमिनीवर मांडून, ती शेवटाकडून सुरुवातीकडे शिकली होती. आता तिचं कव्हर फाटलंच तर कापड फाटे, शिवण उसवत नसे. हे ती स्वतःच सांगे, आणि जरा जास्तच वेळा सांगे.

आत्ता ती पर्स पोटाशी घट्ट धरून उभी होती. पर्सचा तळ ओला होता.

पर्समध्ये टोपडं होतं. छत्रीच्या काळ्या कापडाचं, तान्ह्या बाळाच्या डोक्याला बसेल एवढं, काठाला इलॅस्टिक आणि कडेने दुहेरी शिवण. पण ते बाळाचं नव्हतं, गाडीच्या हवेच्या फिल्टरचं होतं. काल संध्याकाळी बंद पडलेली गाडी ओढून आणली, भाऊ दोर सोडायला पुढे गेला, तेवढ्यात ताईने चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त करून खाली वाकून बंपरमागे हात घातला होता आणि ते ओढून काढलं होतं. गाडीतून पाणी ठिबकत होतं, टोपड्यातूनही ठिबकत होतं. ते तिने पिशवीत गुंडाळून पर्समध्ये कोंबलं. का, ते तिला तेव्हा कोणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं चांदणं रात्रभर तिच्या पर्समध्ये पडलं होतं.

"सुटला एकदाचा," भाऊ म्हणाला आणि पाठीवर सरकत बाहेर आला. त्याच्या कपाळावर चिखलाचा पट्टा उमटला होता.

जुन्या टायरवर बसलेली ताईची मुलगी उठून उभी राहिली. ही ठिणगी. हे नाव मामानेच ठेवलेलं. सहा वर्षांची असताना तिने एकदा चालू इंजिनच्या प्लगच्या वायरला बोट लावून पाहिलं होतं आणि रडायच्या ऐवजी "परत" म्हणाली होती. आता चोवीस वर्षांची. गाडी तिने मामाकडूनच शिकलेली आणि इतकी नेटकी चालवायची, की येत्या सोमवारपासून तिला एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला बोलावलं होतं. पोरीने त्यासाठी नवीन बूट घेतले होते, पेडलवरून न घसरणारे. ते अजून खोक्यात होते.

"काल नक्की काय झालं, परत सांग," मामा म्हणाला.

"सांगितलं की. रेल्वेच्या पुलाखाली पाणी साचलं होतं. मी घातली. मधोमध पोचले आणि गाडी ठप्प."

"परत चावी मारलीस?"

"नाही."

"एकदाही?"

"मामा, तूच शिकवलंयस ना? पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही. मी उतरले, दोघांना हाक मारली आणि ढकलत बाहेर काढली. गुडघ्यापर्यंत भिजले."

"शाबास," मामा म्हणाला. मग त्याला आठवलं असावं की शाबासकीचा प्रसंग नाही. "पण मुळात घातलीस कशाला?"

ठिणगीने बुटाच्या टोकाने फरशीवरचा तेलाचा डाग उकरला. "वाटलं, जाईल."

ताईने पर्स दुसऱ्या हातात घेतली.

"वाटलं!" दारात खुर्ची टाकून बसलेले ठिणगीचे बाबा म्हणाले. त्यांच्या मांडीवर कालचाच पेपर होता, घडीसुद्धा न मोडलेला. ते पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीत होते आणि आज त्यांची सुट्टी होती, त्यामुळे त्यांची मतं पण दिवसभर मोकळी होती. "बावीस वर्षं पाणी मोजतोय मी. पाणी कधी वाटण्यावर घ्यायचं नसतं. आणि ती नळी! म्हटलं होतं मी तेव्हाच. चांगल्या गाडीला नसतं नाक लावायचं काय अडलं होतं? तेव्हापासून ती गाडी चालत नव्हती, घोरत होती."

ही नळी म्हणजे सगळ्या गोष्टीचं मूळ. चार महिन्यांपूर्वी ठिणगीने ती स्वतःच्या कमाईतून आणली. एरवी गाडीचा हवेचा डबा वर, दिव्यांच्या मागे असतो, इंजिनच्या शेजारी. तिथली हवा गरम. गरम हवा विरळ, आणि विरळ हवेवर इंजिनला हवा तसा दम येत नाही. म्हणून लोक तो डबा काढतात, लांब नळी बसवतात, आणि तिच्या टोकाचा फिल्टर पार खाली बंपरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवतात, जिथे बाहेरची गार हवा मिळते. नळी मामाने बसवली होती, कुरकुरत, पण बसवली होती. भाचीचा शब्द त्याला मोडता येत नसे.

"नळीत वाईट काही नाही, भावजी," मामा म्हणाला. "फक्त काय झालं, कंपनीने गाडीला नाक दिलं होतं डोळ्याच्या बरोबरीला. आपण ते नेऊन बसवलं गुडघ्यावर. मग पाणी छातीपर्यंत यायची वाटच बघायला नको. जुना डबा असता तर काल कडेकडेने सावकाश निघून गेली असती."

"म्हणजे चूक नळीची."

"चूक पाण्यात घालायची," ठिणगी म्हणाली. "नळीला काय कळतंय?"

तिचा आवाज सरळ होता, आणि तोच ताईला ऐकवेना. पोरगी रडली असती, पाय आपटले असते, "आई, तूच तर" असं काही म्हणाली असती, तर ताईने तिच्याशी कचाकचा भांडून घेतलं असतं आणि मोकळी झाली असती. भांडण तिला यायचं. ही माया कशी घ्यायची ते येत नव्हतं.

मामाने फिल्टर काढून हातात घेतला. मडक्याच्या आकाराचा, चुण्या-चुण्यांचा, पाणी पिऊन जड झालेला. त्याने तो उजेडात फिरवला, मग अंगठा फिरवला.

"हे काय आहे?"

"काय?" ताई जरा घाईनेच म्हणाली.

"इथे बघ. गळ्याशी गोल वळ पडलाय. वरचा भाग स्वच्छ, खालचा मळलेला. काहीतरी बांधलेलं होतं का याला?"

गॅरेजमधला रेडिओ वाजत होता. ताईने पर्स पोटाशी आवळली.

"पिशवी असेल," बाबा म्हणाले. "पाण्यात काय कमी पिशव्या असतात? अडकली असेल एखादी."

"हो, पिशवीच असेल," ठिणगी म्हणाली.

"पिशवी इतकी गोल बसते?"

"बसली असेल, मामा. बसायला काय!"

ताईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. नवरा पेपरची घडी बारकाईने न्याहाळत होता. मुलगी छताकडे बघत होती. दोघांनी टोपडं पाहिलेलं होतं. ठिणगीने तर ते घालून घेताना टाळ्या वाजवल्या होत्या, "आई, आपल्या गाडीला बाळसं आलं," म्हणून. आणि आता दोघं मिळून एक पिशवी जन्माला घालत होते, ताईसाठी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर काढायची ते कळेना, म्हणून ती रेडिओवर निघाली.

"बंद कर रे तो आधी! डोकं उठलंय."

"रोज तर तूच लाव म्हणतेस."

"आज म्हणत नाहीये."

भावाने रेडिओ बंद केला, प्लगच्या वायरी काढल्या आणि चारही प्लग एकेक करून सोडवले. तिसरा प्लग निघाला तसा त्याच्या टोकावरून थेंब ओघळला. मग त्याने इंजिनच्या पुढच्या कप्पीवर मोठा पाना लावला आणि हाताने सावकाश फिरवलं. तिसऱ्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि थेट बाबांच्या पेपरवर पडली.

"घ्या," मामा म्हणाला, "मोजा पाणी."

एरवी या वाक्यावर सगळे हसले असते. बाबांनी पेपर झटकला.

"निघालं ना पाणी? मग आता वाळू दे दोन दिवस, लाव प्लग, मार चावी. होईल सुरू."

"होईल की नाही ते बघू. हवा दाबली की दबते, भावजी. पाणी दबत नाही. पिस्टन खालून जोरात वर येतो, वर पाणी भरलेलं, जायला वाट नाही. मग दोघांतलं कोणीतरी माघार घेणार. पाणी तर घेत नाही. मग पिस्टनला धरून ठेवणारा जो दांडा असतो ना, तो वाकतो." त्याने भोकाकडे पाहिलं. "वाकलाय का तेवढं बघायचंय. ताई, तुझी विणायची लांब सुई दे. आणि खडू."

ताई खिडकीतून हात घालून मशीनशेजारचा डबा ओढू लागली. हात लांब करताना पर्स खांद्यावरून घसरली आणि तिने ती अशी झपकन पकडली, की भाऊ हसला.

"पर्समध्ये बॉम्ब आहे काय गं?"

"तुला काय करायचंय?"

मशीनवर कालचं अर्धवट कव्हर तसंच पडलं होतं, सुई कापडात रुतलेली. काल दुपारी ती याच जागी होती. पाय पेडलवर, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. गाडीच्या डिकीत तिने शिवलेला कव्हरांचा पूर्ण संच होता, तो पुलापलीकडच्या गिऱ्हाइकाला द्यायचा होता आणि गिऱ्हाईक सकाळपासून तीनदा तगादा लावून बसलं होतं. "आई," ठिणगी फोनवर म्हणाली होती, "पुलाखाली पाणी आहे. चाकाच्या निम्म्यापर्यंत दिसतंय. मी थांबलेय. वळवू का?" आणि ताईने मशीन न थांबवता सांगितलं होतं, "वळवतेस कशाला, तास जाईल तिकडून. टोपडं घातलंय ना? बिनधास्त घाल. माझी शिलाई आहे ती!" नवरा तेव्हा समोरच्या स्टुलावर बसून चहा पीत होता. त्याने कपावरून नुसतं पाहिलं होतं. बोलला नव्हता. तो बोलायच्या वेळी बोलत नसे, नंतर दोन दिवस थांबत नसे.

तिने सुई आणि खडू भावाच्या हातात दिला.

त्याने सुई पहिल्या भोकात सोडली, पाना हळूहळू फिरवला. सुई पिस्टनबरोबर वर आली, थांबली, परत खाली जायला लागली. जिथे ती सगळ्यात वर होती तिथे भोकाच्या काठाशी त्याने सुईवर खडूने रेघ मारली. मग दुसरं भोक. रेघ पहिल्या रेघेवरच बसली. मग चौथं. तीही तिथेच. तिसरं त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. खायला न आवडणारी गोष्ट मुलं ताटाच्या कडेला सारून ठेवतात तसं.

तिसऱ्या भोकातली सुई वर आली आणि जरा लवकरच थांबली.

"फिरव अजून," बाबा म्हणाले.

"फिरवतोय. नाही येत वर."

त्याने दुसरी रेघ मारली आणि सुई ताईपुढे धरली. मोजपट्टी लावायची गरजच नव्हती. वीस वर्षं शिलाईत घातलेला डोळा होता तो.

"एक सूत," ताई म्हणाली. "एका सुताने कमी. इंचाचा आठवा भाग."

"एक सूत," भाऊ म्हणाला. "तुझ्याकडे एका सुताने काय होतं?"

"कव्हर बसतं. जरा ताणून."

"इथे नाही बसत. दांडा वाकला. इंजिन उतरवायचं, खोलायचं. अशी वाळवून चालवली तर एक दिवस दांडा मोडेल आणि इंजिनच्या बाजूला खिडकी पडेल, आपल्या भिंतीला आहे तशी."

ठिणगीने सुई मामाच्या हातातून घेतली, दोन रेघांमधल्या जागेवर नख ठेवून पाहिलं. मग सुई स्वच्छ पुसून तिने आईच्या डब्यात ठेवली.

"बारा वाजता फोन करते," ठिणगी म्हणाली.

"कोणाला?"

"स्कूलच्या बाईंना. त्या बारापर्यंत गाडीवर असतात. सोमवारपासून येत नाही म्हणून सांगते."

"हे काय मध्येच?" मामा म्हणाला.

"मध्येच काय, बरोबर आहे तिचं," बाबा म्हणाले. "स्वतः गाडी बुडवलेली मुलगी दुसऱ्यांना काय शिकवणार? आधी वर्षभर गप्प बसावं, अंदाज यावा—"

"अंदाज मला आला होता, बाबा!" पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "तेच तर आहे. मला दिसत होतं पाणी खोल आहे ते. मी थांबले होते. हँडब्रेक ओढला होता. आणि तरी घातली. ज्याला अंदाज येत नाही त्याला शिकवता येतं. ज्याला येतो आणि तरी जो स्वतःचं ऐकत नाही, त्याने दुसऱ्याच्या पोराच्या शेजारी बसू नये."

स्वतःचं ऐकलं नाहीस, मग कोणाचं ऐकलंस, हा प्रश्न यापुढे कोणीही विचारला असता. रस्त्याने जाणाऱ्यानेसुद्धा. पण गॅरेजमध्ये तिघं होते आणि तिघांनीही विचारला नाही. बाबांनी घसा खाकरला. मामा पाना पुसायला लागला, जो त्याने गेल्या दहा वर्षांत पुसला नव्हता.

"चूक माझी आहे," पाना पुसता पुसता तो म्हणाला. "नळी बसवली तेव्हा तुला समोर बसवून सांगायला पाहिजे होतं. पाऊस चालेल, साचलेलं पाणी चालणार नाही. घोट्याच्या वर पाणी दिसलं की गाडी वळवायची."

"तू सांगितलं नाहीस," ठिणगी म्हणाली.

"नाही, म्हणजे... तुला नाही सांगितलं."

आणि त्याने एक क्षण ताईकडे पाहिलं.

एकच क्षण. लगेच नजर काढून घेतली, जशी एखाद्याच्या उसवलेल्या कपड्यावरून आपण काढून घेतो.

कारण सांगितलं होतं त्याने. अगदी याच शब्दांत, याच दारात, गाडीची किल्ली ताईच्या हातात देताना. "ठिणगीला नक्की सांग," असं दोनदा म्हणाला होता. ताई "सांगते" म्हणाली होती. आणि त्या वेळी तिला सांगायचंही होतं. पण खिडकीच्या अलीकडे येईपर्यंत तिच्या डोक्यात दुसरंच शिवायला लागलं होतं. पाणी आत जातं ना? मग जाऊ द्यायचं नाही, एवढंच तर आहे. त्यासाठी पोरीला घाबरवायचं कशाला? दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मोडकी छत्री उसवली.

भावाला विचारता आलं असतं. खिडकी तर होती. पण तो काय म्हणाला असता तेही तिला माहीत होतं. "ताई, तू गाद्या बघ." वाईट भावनेने नव्हे, हसत. मागे एकदा एका गाडीचा पट्टा किंचाळतोय म्हणून तिने खिडकीतून सांगितलं होतं, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी तो पट्टा भर रस्त्यात तुटला. तुटला, तेव्हा ताईने सांगितलं होतं हे कोणाच्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं. वीस वर्षं ती गाड्यांच्या कडेकडेने शिवत आली होती. टोपडं ही इंजिनला लागलेली तिची पहिली वस्तू. किती देखणं झालं होतं! घालताना ठिणगी टाळ्या वाजवत होती, आणि ताईला वाटलं होतं, बघ, तुमच्या कंपनीला नाही सुचलं ते.

आता भाऊ तिच्याजवळ आला आणि डबा उचलायच्या निमित्ताने हळूच म्हणाला, "गडबडीत राहून जातं गं एखादं सांगायचं. तू नको मनाला लावून घेऊ. मी म्हणालोय ना माझी चूक. झालं."

"काय झालं?" ताई म्हणाली.

"हळू बोल."

"का हळू बोलू?"

"भावजी आहेत. उगाच वाढवतील."

म्हणजे बाहेर जायचं दारही यानेच करून दिलं होतं, आणि तेही तिच्याच मापाचं. विसरली. विसरायला कोणाला मनाई आहे? घरात चार माणसं, बाकीच्या तिघांनी तिची चूक आपापसांत वाटून घेतली होती. मुलीने सगळ्यात मोठा वाटा घेतला, भावाने त्याच्या ताकदीप्रमाणे, नवऱ्याने तर नळी, पिशवी यांच्यावर घालून वर मुलीलाच बोलायचं काम अंगावर घेतलं. कधी कोणी तिला भांडी घासू लागलं नाही, आणि आज हे बघा! तिच्या वाट्याला तेवढी कोणी येऊ देईना.

"तू काही बोलत का नाहीस गं?" बाबा म्हणाले. "समजाव तिला. नोकरी नको तर नको, पण नीट विचार करून फोन कर म्हणावं."

"मी बोलू?"

"मग काय मी एकटाच बोलत बसू सकाळपासून?"

"तुम्ही काल बोलायचं होतं," ताई म्हणाली. "चहा पिताना."

नवऱ्याने पहिल्यांदाच पेपरची घडी मोडली. ठिणगीने झटकन आईकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको, असं. ती मान तिने लहानपणी शाळेत शिक्षा झाल्यावर हलवली होती, मैत्रिणीचं नाव सांगायचं नाही म्हणून. तेव्हा ताईला तिचा अभिमान वाटला होता आणि दोन दिवस सगळ्यांना तेच सांगत होती.

"आई, चाक माझ्या हातात होतं," ठिणगी हळू म्हणाली. "कोणी काहीही म्हटलं तरी चाक माझ्याच हातात होतं ना?"

"कोणी काही म्हटलं होतं का?" मामाने विचारलं.

"नाही," ठिणगी म्हणाली.

"कोणी नाही," बाबा म्हणाले, तिच्या पाठोपाठ.

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर तेलाचा हात उमटलेला होता, त्याच्या बोटांमधून बारा वाजलेले दिसत होते. ठिणगीने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि कानाला धरून दाराकडे तोंड केलं. फोन वाजत असल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. तिचा दुसरा हात जीन्सच्या शिवणीवरून वरखाली फिरत होता.

ताईने पर्सची चेन ओढली. चेन अर्ध्यात अडकली, रोज अडकायची, दुसऱ्यांच्या चेनी बदलता बदलता स्वतःची राहून गेली होती. तिने ती दाणकन ओढली, पिशवी बाहेर काढली, आणि ते काळं ओलं टोपडं सगळ्यांसमोर बॉनेटवर ठेवलं. फिल्टर शेजारीच होता. तिने टोपडं त्याच्यावर चढवलं, इलॅस्टिक सोडलं. ते वळावर बरोबर बसलं.

भाऊ टोपड्यावर वाकला. मग त्याने दोन बोटांनी त्याची दुहेरी शिवण चिमटीत धरून पाहिली. "ताई," तो म्हणाला, "पाण्याखाली गेल्यावर इंजिन कापडातूनही पाणी—"

"ओढतं. कळलं मला. सुईने कळलं. थांब जरा. ठिणगे, फोन ठेव."

"आई, राहू दे ना गं."

"ठेव म्हणते ना! माझं ऐकून पाण्यात गाडी घातलीस, आता फोन ठेवायला काय झालं?"

फोनवर कोणीतरी "हॅलो" म्हणालं, परत म्हणालं. ठिणगीने तो कानापासून खाली घेतला.

"काल ही थांबली होती," ताई भावाला म्हणाली. तिचा आवाज चिरका लागत होता, भांडताना लागायचा तसाच. "हँडब्रेक ओढून, मला फोन करून, वळवू का म्हणून विचारत होती. घाल म्हणून मी सांगितलं. यांनी ऐकलंय, समोर बसून. आणि तू रे, मी विसरले असं स्वतःला सांगत बसू नकोस. मला चांगलं आठवत होतं." ती मुलीकडे वळली. "मामाने मला बजावलं होतं, साचलेल्या पाण्यात घालू नको म्हणून ठिणगीला सांग. दोनदा बजावलं होतं. मी विसरले नव्हते. मला वाटलं, माझी शिलाई त्याच्यापेक्षा जास्त शहाणी आहे, म्हणून मी तुला सांगितलं नाही."